परत आलेले मुखवटे

कला हा शब्द उच्चारला कीं आपल्यासारख्या शहरी माणसाच्या डोळ्यांपुढें भिंतीवरची तसबीर येते, संग्रहालयांतील कांचेचें कपाट येतें, किंवा जलशाची संध्याकाळ येते. पोटाची सोय झाल्यावर मनाच्या विरंगुळ्यासाठीं जें करावयाचें तें कला, अशी आपली एक ठरून गेलेली समजूत आहे. म्हणून परक्या राज्यकर्त्यांनीं एखाद्या समाजावर केलेला अन्याय आणि त्या समाजाची कला यांचा संबंध कोणीं सांगूं लागला, तर ऐकणारा फार तर इतकेंच म्हणतो कीं, दुःखी माणसाचें मन गाण्यांत आणि चित्रांत रमतें, हें ठीकच आहे. आज मला ज्या लोकांविषयीं सांगावयाचें आहे त्यांच्या बाबतींत एवढ्यानें उलगडा होत नाहीं. त्यांची कला कायद्यानें गुन्हा ठरविण्यांत आली होती. ती तशी कां ठरली हें समजलें, म्हणजे ती पुन्हा हातीं आल्यावर जखम कशी भरूं लागली हेंही समजतें.

हे लोक कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात. एका बाजूस पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूस डोंगरांच्या रांगा, मध्यें बेटांची दाटी, आणि वर्षांतील कित्येक महिने पाऊस. नद्यांत आणि समुद्रांत सॅमन माशांची समृद्धि. अरण्यांत तांबड्या सीडरचे प्रचंड वृक्ष. या एका झाडापासून तेथील माणसानें आपला संसार उभा केला. फळ्यांचीं मोठीं घरें, एकाच खोडांतून कोरलेल्या नावा, सालीच्या धाग्यांचीं वस्त्रें, आणि घरापुढें उभारलेले उंच कोरीव खांब हीं सर्व सीडरचींच. किनाऱ्यावर भिन्न भाषा बोलणारीं अनेक मूळ राष्ट्रें आहेत. त्यांपैकीं क्वाक्वाला भाषा बोलणारे क्वाक्वाकावाक्व आणि बेटांवर राहणारे हैडा, या दोन लोकांकडे आपण आज विशेष लक्ष देऊं.

या लोकांना लिपि नव्हती. परंतु दप्तर होतें. खांबावर आणि मुखवट्यावर जी आकृति कोरलेली असे, मग ती डोमकावळ्याची असो, अस्वलाची असो कीं देवमाशाची असो, ती कोणत्या तरी घराण्याच्या मालकीची असे. दुसऱ्या कोणास ती वापरतां येत नसे. कांहीं मुखवट्यांना दोऱ्या असतात. नर्तकानें त्या ओढल्या कीं पक्ष्याचें तोंड दुभंगतें आणि आंतून माणसाचा चेहरा बाहेर येतो. घराण्याचा मूळ पुरुष प्राण्याचें रूप टाकून मनुष्य कसा झाला, ही वंशकथा अशा रीतीनें सभेस प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसते. ढालीच्या आकाराचे तांब्याचे ठोकीव पत्रे असत. त्या प्रत्येकास स्वतःचें नांव असे, आणि एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना त्याचें मोल वाढत जाई.

हें दप्तर उघडण्याचा प्रसंग म्हणजे पॉटलॅच. शब्दाचा अर्थ ‘देणें’ असा आहे. कोणाचें नांव ठेवावयाचें, कोणाचा विवाह, कोणा मृताचें स्मरण, कोठें नवा खांब उभा करावयाचा, अशा वेळीं यजमान शेजारच्या गांवांना आमंत्रणें देई. मुखवटे घालून नृत्यें होत, वंशकथा सांगितल्या जात, हक्क जाहीर केले जात. आणि शेवटीं यजमान आपली सांचविलेली संपत्ति पाहुण्यांस वांटून टाकी. हा आहेर म्हणजे केवळ औदार्य नव्हतें. पाहुण्यानें जें पाहिलें आणि ऐकलें त्याचा तो साक्षी झाला, हें त्या देण्यानें पक्कें होई. आपल्याकडे मराठेशाहींत वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर होई. पॉटलॅच हा तसाच एक महजर होता. फक्त तो कागदावर नसून लाकडांत, तांब्यांत, गाण्यांत आणि शेंकडों माणसांच्या स्मरणांत लिहिला जाई.

त्या देशांतील मूळ रहिवाशांना राज्यकर्ते ‘इंडियन’ म्हणत. १८८४ सालीं कॅनडाच्या सरकारनें आपल्या ‘इंडियन ॲक्ट’ मध्यें दुरुस्ती केली, आणि १८८५ च्या आरंभापासून पॉटलॅच भरविणें किंवा त्यास उत्तेजन देणें हा दोन ते सहा महिन्यांच्या कैदेचा गुन्हा ठरला. मिशनऱ्यांचें म्हणणें असें कीं, हा समारंभ रानटी आहे आणि ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराआड येतो. अधिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, वर्षानुवर्षें सांचविलेलें जो चार दिवसांत वांटून मोकळा होतो, त्यास उद्योगाची आणि खासगी मालमत्तेची गोडी लागणार कशी? ब्रिटिश छत्राखालील अशा कायद्यांचें आपणांस नवल वाटूं नये. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरविलें होतें; तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तिकडे समाजाच्या स्मरणाला गुन्हा ठरविण्यांत आलें.

या कायद्याची धार १९२१ च्या डिसेंबरांत दिसली. अलर्ट बे हें क्वाक्वाकावाक्व लोकांचें एक मुख्य गांव. तेथून जवळच्या व्हिलेज बेटावर डॅन क्रॅनमर या प्रमुखानें मोठा पॉटलॅच भरविला. अलर्ट बे येथील सरकारी एजंट विल्यम हॅलिडे यास बातमी लागली, आणि ४५ जणांवर खटले झाले. आरोप काय होते, तर भाषण केलें, नृत्य केलें, देणग्या मांडून ठेवल्या, देणग्या पाहुण्यांपर्यंत पोंचविल्या! मग एक सौदा पुढें करण्यांत आला. जीं गांवें आपले मुखवटे, तांब्याचे पत्रे, शिरोभूषणें आणि खुळखुळे सरकारच्या स्वाधीन करतील, त्यांच्या आरोपींची शिक्षा स्थगित होईल. ज्यांनीं हें मानलें नाहीं अशा २० स्त्री-पुरुषांना व्हँकूव्हर शहराजवळच्या ओकाला तुरुंगांत दोन किंवा तीन महिने काढावे लागले. ज्यांनीं मानलें त्यांच्या घरांतील वस्तू अलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहांत बांकांवर मांडून ठेवल्या गेल्या. त्यांतल्या ३५ हॅलिडेनें न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय नांवाच्या संग्राहकास विकल्या. बाकीच्यांपैकीं बहुतेक ओटावा आणि टोरांटो येथील संग्रहालयांत गेल्या. कांहीं त्या खात्याचे मुख्य अधिकारी डंकन कॅम्बेल स्कॉट यांच्या खासगी संग्रहांतही गेल्या.

या सौद्याचें क्रौर्य नीट लक्षांत घेतलें पाहिजे. आईबापांना तुरुंगांतून वांचवावयाचें तर पूर्वजांचीं नांवें देऊन टाकावीं लागत, आणि पूर्वजांचीं नांवें राखावयाचीं तर आईबापांना तुरुंगांत धाडावें लागे. कोणताही निर्णय घेतला तरी मागें लाज उरे. आणि लादलेल्या अपराधाची लाज मनुष्य उघडपणें बोलून दाखवीत नाहीं. ती पुढच्या पिढीच्या वाट्यास मौनाच्या रूपानें येते.

मौनाची दुसरी शाळाही तयार होती. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरांतून काढून निवासी शाळांत ठेवण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत चालली. सरकार पैसा पुरवी आणि बहुतेक शाळा ख्रिस्ती मंडळ्या चालवीत. सुमारें १,५०,००० मुलें या शाळांतून गेलीं. मातृभाषा बोललें म्हणून शिक्षा होई. हजारों मुलें घरीं परतलींच नाहींत. अलर्ट बे येथेंही १९२९ सालीं सेंट मायकेल नांवाची अशी एक विटांची भव्य इमारत उभी राहिली. मुखवटे सात वर्षांपूर्वीं गेले होते. आतां जे हात पुढें मुखवटे कोरावयाचे तेही गेले.

तरीही सर्व विझलें नाहीं. थंडींत वादळें सुरू झालीं कीं अधिकाऱ्यांच्या नावा दूरच्या गांवीं पोंचूं शकत नसत. तेव्हां चोरून पॉटलॅच होत. कधीं नाताळची भेट या निमित्तानें दारोदार देणग्या पोंचत्या केल्या जात. कोरीव कामाचा वारसा कांहीं थोड्या माणसांनीं जपला. त्यांत मंगो मार्टिन यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. ही विद्या त्यांना त्यांचे सावत्र वडील चार्ली जेम्स यांजकडून मिळाली होती. १९५१ सालीं नवा इंडियन ॲक्ट आला आणि त्यांत पॉटलॅचबंदीचें कलम गाळलें गेलें. सरकारनें चूक कबूल केली नाहीं. कलम केवळ दिसेनासें झालें. पण मार्टिन यांनीं तेवढी फट ओळखली. व्हिक्टोरिया येथील प्रांतिक संग्रहालयाच्या आवारांत त्यांनीं आपल्या लोकांच्या पद्धतीचें एक मोठें घर बांधलें, आणि १९५३ च्या डिसेंबरांत तेथें बंदीनंतरचा पहिला जाहीर, कायदेशीर पॉटलॅच भरविला. जुने खांब दुरुस्त करतां करतां त्यांनीं आपले जांवई हेन्री हंट आणि नातू टोनी हंट यांस शिकविलें. १९६२ सालीं ते वारले तेव्हां विद्या दुसऱ्या हातीं गेलेली होती.

हैडा लोकांची स्थिति याहून बिकट होती. १८६२ सालीं व्हिक्टोरिया शहरांतून देवीची सांथ किनाऱ्यावर पसरली आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैडा ग्वाई बेटांवर जेमतेम सहाशें माणसें उरलीं होतीं. मॅसेट गांवांत कित्येक दशकांत एकही खांब उभा राहिला नव्हता. १९६९ सालीं रॉबर्ट डेव्हिडसन या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणानें तेथें खांब कोरावयास घेतला. गांवांतील वृद्धांस आणखी एकदां तरी आपल्या रीतीनें उत्सव करतां यावा, एवढाच त्याचा हेतु होता. खांब उभारण्यापूर्वीं वृद्ध मंडळी घरांत जमूं लागलीं. एकास गाण्याचा आरंभ आठवे, दुसऱ्यास शेवट आठवे. असें करीत तुटलेलीं गाणीं जुळविलीं गेलीं. गांवांत मुखवटा शिल्लक नव्हता. तेव्हां डेव्हिडसन यांच्या आजीनें कागदी पिशवी डोक्यावर चढवून नाच करून दाखविला, असें ते सांगतात. त्या वर्षाच्या ऑगस्टांत खांब उभा राहिला. कलाकृति लाकडाची होती खरी. पण तिच्यामुळें जें जागें झालें तें माणसांच्या आंत पडून राहिलेलें होतें. त्या मौनाला बोलण्यास एक निमित्त हवें होतें, तें मिळालें.

इकडे क्वाक्वाकावाक्व कुटुंबांनीं जप्त झालेल्या वस्तू परत मागण्याचा नेट सोडला नव्हता. ओटावाच्या संग्रहालयानें अखेर होकार दिला. पण अट अशी कीं, वस्तू ठेवण्यासाठीं आधीं संग्रहालयें बांधा. ज्यांचें लुटलें त्यांनींच तें सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, ही अट विचित्रच होती. तीही त्यांनीं पुरी केली. केप मज येथें १९७९ सालीं, आणि अलर्ट बे येथें १ नोव्हेंबर १९८० रोजीं संग्रहालयें उघडलीं. अलर्ट बेच्या संस्थेचें नांव ‘उमिस्ता’. पूर्वीं लढाईंत शत्रूनें पकडून नेलेलें माणूस खंडणी भरून किंवा चढाई करून सोडवून आणलें, म्हणजे त्याच्या परतण्यास उमिस्ता म्हणत. मुखवटे म्हणजे वस्तू नसून धरून नेलेलीं माणसें होत, हें या एका नांवानें सांगितलें गेलें. तेथें आणखी एक गोष्ट केली गेली. मुखवटे कांचेच्या कपाटांत न ठेवतां, पॉटलॅचमध्यें ज्या क्रमानें ते सभेपुढें येतात जवळजवळ त्या क्रमानें, मोकळे मांडले गेले. इतकीं वर्षें कोंडलेल्यांस पुन्हा कोंडावयाचें कशाला? पुढें टोरांटोहून १९८८ सालीं वस्तू आल्या. न्यूयॉर्कला गेलेल्यांपैकीं कांहीं त्यानंतर आल्या. आणि फ्रेंच साहित्यिक आंद्रे ब्रताँ यांच्या संग्रहांतील एक शिरोभूषण त्यांच्या कन्येनें २००३ सालीं परत दिलें. उमिस्ताच्या शेजारींच सेंट मायकेलची ती विटांची इमारत १९८० पासून पुढें पस्तीस वर्षें उभी होती. २०१५ च्या फेब्रुवारींत, त्या शाळेंतून वांचलेल्या माणसांच्या उपस्थितींत, ती पाडावयास आरंभ झाला.

कोणी म्हणेल, हें सारें भावनेचें झालें. न्यायाशीं याचा संबंध काय? त्याचें उत्तर न्यायालयांतच मिळालें आहे. याच प्रांतांतील गिटक्सन आणि वेटसुवेटेन लोकांनीं आपल्या भूमीच्या हक्कासाठीं दावा लावला. त्यांत एका वृद्धेनें आपल्या घराण्याचें गाणें पुरावा म्हणून गाऊन दाखविण्याचें ठरविलें, तेव्हां न्यायाधीशांस तें पटेना. असल्या गोष्टींस आपणांस कान नाहीं, असें त्यांनीं बोलून दाखविलें. तिनें तरीही गाणें म्हटलें. १९९१ सालीं निकाल विरुद्ध गेला. परंतु १९९७ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला, आणि मुखपरंपरेनें चालत आलेल्या इतिहासाला कागदोपत्रीं पुराव्याच्या बरोबरीनें स्थान दिलें पाहिजे असें ठरविलें. ज्या गोष्टींसाठीं एके काळीं तुरुंग होता, त्या आतां न्यायासनापुढें साक्ष म्हणून उभ्या राहूं शकल्या.

गेल्या कांहीं वर्षांत तेथील कलावंतांनीं हें साक्षीचें काम निवासी शाळांच्या दुःखाकडे वळविलें आहे. शाळांची चौकशी करणारा सत्य व समेट आयोग २००८ पासून २०१५ पर्यंत देशभर फिरला. त्याच्याबरोबर किनाऱ्यावरील सेलिश कलावंत ल्यूक मार्स्टन यांनीं घडविलेली सीडरची एक पेटी फिरत असे. किनाऱ्यावर अशा पेट्या एकच फळी वाफेनें वांकवून, चार बाजू करून बनवितात. पेटीवर मार्स्टन यांनीं आपल्या आजीचा चेहरा कोरला होता. ती स्वतः अशा शाळेंत राहिलेली होती. सभेंत ज्यांस बोलवेना त्यांनीं तिच्यांत छायाचित्र ठेवलें, पत्र ठेवलें, एखादी जपलेली वस्तू ठेवली. केरी न्यूमन यांचे वडील अशा शाळेंतून वांचलेले. न्यूमन यांनीं देशभरांतील शाळांच्या जागीं उरलेल्या आठशेंहून अधिक वस्तू गोळा करून २०१४ सालीं ‘साक्षीचें पांघरूण’ या नांवाची भिंतीएवढी कलाकृति उभी केली. पुढें मानवी हक्कांच्या राष्ट्रीय संग्रहालयानें ती स्वीकारली तेव्हां नेहमींसारखें खरेदीखत झालें नाहीं. २०१९ च्या करारानें कलाकृतीसच हक्क दिले गेले, आणि कलावंत व संग्रहालय हे दोघे तिचे राखणदार ठरले. १ एप्रिल २०१७ रोजीं व्हँकूव्हरच्या विद्यापीठांत हैडा कलावंत जेम्स हार्ट यांचा खांब उभारण्यांत आला. त्यावरच्या शाळेच्या घरांत तांब्याचे हजारों खिळे ठोकलेले आहेत, मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ. ते खिळे वांचलेल्या माणसांनीं, त्यांच्या कुटुंबीयांनीं आणि शाळकरी मुलांनीं आपल्या हातांनीं ठोकले. शाळेवर उभ्या असलेल्या मुलांच्या आकृतींना पाय दाखविलेले नाहींत. त्यांच्या पायांखालची जमीनच काढून घेतलेली होती.

तर मग ही कला जखम भरते ती कशी? पहिली गोष्ट अशी कीं, सोसणाऱ्यानें जें एकट्यानें गिळलें होतें तें अनेकांच्या डोळ्यांपुढें येतें, आणि त्याची लाज त्याच्या एकट्याच्या माथ्यावर राहत नाहीं. दुसरी अशी कीं, ती पिढ्यांतील तुटलेला दुवा जोडते. खांब कोरावयाचा तर शिकविणारा वृद्ध लागतो, शिकणारा तरुण लागतो, आणि उभारावयाचा तर दोर ओढणारें सारें गांव लागतें. हैडा लोकांनीं परदेशांतल्या आणि देशांतल्या संग्रहालयांतून आपल्या चारशेंहून अधिक पूर्वजांच्या अस्थि परत आणून पुरल्या, तेव्हां त्यांसाठीं लागणाऱ्या पेट्या आणि पांघरुणें करण्यांत शाळेंतल्या मुलांचेही हात होते. आजोबांना ज्या वयांत आपली भाषा बोलण्याबद्दल शिक्षा झाली, त्या वयांत नातवंडें आपल्या घराण्याची आकृति रंगवावयास शिकतात. वैद्यानें बाहेरून लावलेल्या औषधाहून हें निराळें आहे.

पण येथें एक इशारा देणें अवश्य आहे. राज्यकर्त्यांना कला फार स्वस्त पडते. ज्या राज्यानें मुखवटे जप्त केले होते, त्याच राज्यानें २००४ सालीं २० डॉलरच्या नोटेवर हैडा कलावंत बिल रीड यांच्या कृति छापल्या. सन्मान उत्तम, पण चित्र नोटेवर आलें म्हणून जमीन परत आली असें होत नाहीं. त्या प्रांतांतील बहुतेक भूमि कोणताही तह न करतां घेतलेली होती. आणि १९२७ पासून १९५१ पर्यंत तर जमिनीच्या दाव्यासाठीं वर्गणी गोळा करणेंही परवानगीवांचून गुन्हा होता. म्हणून हे लोक खांब आणि दावा यांची फारकत करीत नाहींत. खांब सांगतो कीं, हें घराणें या खाडीचें आहे; तेंच दावा न्यायालयांत सांगतो. २०२४ सालीं ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें हैडा ग्वाई बेटांवरील हैडा लोकांचा मूळ स्वामित्वहक्क करारानें मान्य केला. त्यामागें वकिलांचे श्रम आहेत, रस्ता अडवून बसलेल्यांचे आहेत, आणि कोरणाऱ्यांचेही आहेत. कलेस न्यायाच्या जागीं बसविलें तर ती नुसतें मलम ठरेल. न्यायाच्या शेजारीं बसविली तर ती साक्ष देईल.

श्रोतेहो, पॉटलॅचला आलेला पाहुणा रिकाम्या हातीं परतत नसे. त्यानें जें पाहिलें तें पुढें कोणीं विचारल्यास खरें सांगण्याचा भार घेऊन तो घरीं जाई. कांचेआड ठेवलेला असा एखादा मुखवटा तुमच्या पाहण्यांत आला, तर कोरीव कामाचें कौतुक अवश्य करा. पण त्याबरोबर हेंही विचारा कीं, हा येथें कसा आला, कोणाचें नांव घेऊन आला, आणि त्या घरीं त्याची वाट पाहणारें कोणी आहे काय.